लाल दिवा, गाडी बंद

आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर समोरचा टॉवर निम्माच उरला होता. खालचे मजले दिसत होते, वरचे कोणीतरी राख फासून झाकले होते. घशात ती ओळखीची खवखव आली, डोळे चुरचुरले. जळका पाचोळा, डिझेल आणि कुबट भिंत यांचा मिळून जो एक वास होतो तो माझ्या आधी घरात शिरला. मी दार लावून घेतलं आणि चहा टाकला. आला म्हणायचा तो.

या ऋतूला आमच्या घरात धड नाव नाही. शाळेत सहा ऋतू पाठ केले होते, त्यांत हा नव्हता. पुस्तकी मराठीत ‘धुरकं’ असा शब्द आहे. मी तो एकदा जेवताना वापरून पाहिला, तर आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी मुकाट ‘पोल्यूशन’वर परत आले. गाझियाबादेत सगळे तसंच म्हणतात, पोल्यूशन आलं. दिवाळीचे पाहुणे गेले की हे येतं आणि थंडी सरेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुली शाळेला सुट्टी कधी पडते याची वाट बघतात. गाडीवाले ‘ग्रॅप लागला का’ विचारतात, कारण ती सरकारी बंदी एकदा लागली की जुन्या गाड्या रस्त्यावर काढता येत नाहीत. मी कशाची वाट बघते, ते सांगायला जरा वेळ लागेल.

खाली आले. गाडीच्या काचेवर राखाडी थर होता, वायपरनी त्यात दोन पंखे कोरले. सोसायटीच्या बाहेरच्या पहिल्याच लाल दिव्याला गाडी थांबली आणि तिचं इंजिन आपोआप बंद झालं. काही बिघाड नाही, तिचं मॉडेलच तसं आहे. थांबली की पेट्रोल जाळायचं थांबवते, ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू होते. मधल्या वेळात गाडीत जी शांतता पसरते तिच्यात मी आजही मान किंचित वळवून मागच्या सीटकडे कान लावला. मागे फक्त माझी ऑफिसची बॅग होती.

माझे बाबा पेट्रोल वाचवणाऱ्यांतले. नोकरीसाठी तरुणपणी नागपूरहून दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका खात्यात चिकटले आणि गाझियाबाद ते दिल्ली स्कूटरवरून जाता-येता रिटायर झाले. ‘लाल दिवा, गाडी बंद’ हे त्यांचं वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. लहानपणी त्यांच्या पुढ्यात स्कूटरवर उभी राहायचे. दिवा लाल झाला की बाबा किल्ली फिरवायचे, स्कूटर गप्प व्हायची आणि आजूबाजूच्या गाड्या मात्र जागच्या जागी थरथरत, धूर सोडत उभ्या असायच्या. बाबा त्यांच्याकडे करुणेनं बघायचे. हिरवा झाला की किक मारायची. एका किकेत सुरू झाली नाही तर मागून कोणीतरी ओरडायचंच, ‘अंकल, चलो भी यार!’ त्यावर बाबा अगदी शांतपणे म्हणायचे, ‘चल रहे हैं भई, बत्ती हमारे बाप की थोड़ी है.’

उतारावर इंजिनाला त्रास द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर असा दाबायचा की पायाखाली अंडं आहे. टायरमध्ये हवा कमी म्हणजे खिशाला भोक. पुढे स्कूटर जाऊन गाडी आली, मी चालवायला शिकले, तेव्हा शेजारी बसून त्यांनी हे सगळे नियम माझ्या पायांत उतरवले. कोणी नवी गाडी घेतली की आमच्या ओळखीतले लोक रंग बघायचे, बाबा विचारायचे, ‘ॲव्हरेज किती देते?’ उत्तर ऐकून मान डोलवायचे, आणि तो माणूस गेल्यावर आम्हाला सांगायचे, ‘खोटं बोलतो. एवढं कंपनीसुद्धा सांगत नाही.’

आणि तरी व्हायचं ते झालंच. सगळी नोकरी ते बसच्या आणि ट्रकच्या मागे आपली स्कूटर बंद करून उभे राहिले. स्वतःचा धूर वाचवला आणि बाकीच्यांचा गिळला. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा माझ्या मनात हेच आलं, आणि मला रस्त्यावरच्या एकूण एक गाडीचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही. मीही त्याच रस्त्यावर गाडी चालवते, त्यामुळे तो कोणावर काढावा हेही कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या डिझेल गाडीची दहा वर्षं भरली. इथे दहा वर्षांच्या डिझेल गाडीला राहता येत नाही, तिला परराज्यात धाडावं लागतं. नवी घ्यायला शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो: मी, आई आणि बाबा. बाबांना तोवर जिना चढवत नव्हता, चार पावलं चालले की थांबावं लागायचं, पण गाडीची खरेदी त्यांच्याशिवाय होणं शक्यच नव्हतं. खुर्चीवर टेकले, दम घेतला आणि टाय लावलेल्या सेल्समनला पहिला प्रश्न टाकला, ‘देती कितना है?’

सेल्समन हसला. हा प्रश्न तो दिवसभर ऐकत असणार. म्हणाला, ‘सर, सबसे ज़्यादा तो सीएनजी वर्ज़न.’ बाबांचे डोळे चमकले. गाडी तीच, चेहरा तोच, फक्त खर्च निम्मा! त्याने डिकी उघडून दाखवली. आत आडवं सिलिंडर पसरलेलं. उरलेल्या जागेत एक भाजीची पिशवी कशीबशी मावली असती.

‘आणि व्हीलचेअर?’ आईने विचारलं.

व्हीलचेअर तेव्हा घरात आलेली नव्हती, पण येणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आई तेवढ्यावर थांबली नाही. ‘आणि गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरवतात. भर पोल्यूशनमध्ये यांना पंपाच्या लायनीत उभं करायचं का मी?’

बाबांनी सिलिंडरकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. म्हणाले, ‘बरोबर आहे. एका गाडीत दोन सिलिंडर नको.’

मग त्या माणसाने तीच गाडी हायब्रिडमध्ये दाखवली. पेट्रोलचीच, पण बरोबर एक छोटी बॅटरी, आणि डिकी पूर्ण मोकळी. ‘इसमें सर, रेड लाइट पर इंजन अपने आप बंद हो जाता है. एसी फुल हो तो नहीं होगा, वरना हर रेड लाइट पर बंद.’ बाबांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग माझ्याकडे वळले. मी त्यांना इतकं खूष फार वर्षांत पाहिलं नव्हतं. ‘सुजाता, म्हणजे माझी अक्कल टाकलीय की हिच्यात!’

विजयादशमीला गाडी घरी आली. शोरूमवाल्यांनी चाकाखाली ठेवायला लिंबं आणली होती. बाबा म्हणाले, ‘लिंबू चिरडून ॲव्हरेज वाढतं का?’ आणि गाडीसमोर हात जोडून त्यांनी पंचशील म्हटलं. मध्ये दोनदा थांबले. आईने हळूच पुढचा शब्द उचलला आणि दोघांनी मिळून पुरं केलं. शोरूममधली माणसं अदबीनं उभी होती. मला मात्र त्या दोन थांबण्यांपलीकडे काही ऐकू आलं नाही.

दिवाळी गेली आणि ते आलं. मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा दाट होतं की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, दिवसरात्र घुरघुरत राहिलं. गाडीत न्यायला हातभर लांबीचं एक छोटं सिलिंडर आलं. डॉक्टरांनी त्याचं बटण दोनवर ठेवायला सांगितलं होतं. एकदा आईच्या लक्षात आलं की ते एकवर आहे. तिने दोनवर केलं, थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा एकवर. ‘तुम्ही फिरवता का हो?’ तिने विचारलं. बाबा म्हणाले, ‘एकवर भागतंय तर उगाच कशाला? तेवढंच पुरवठ्याला येईल.’ आई त्या दिवशी त्यांच्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. ऑक्सिजनचंसुद्धा ॲव्हरेज काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दर आठवड्याला मी त्यांना दिल्लीला डॉक्टरांकडे न्यायचे. दवाखाना रिजच्या टेकडीच्या बाजूला, हिंदूराव हॉस्पिटलकडे जाताना लागतो. ‘हिंदूराव’ ही पाटी दिसली की बाबा आईला दर वेळी सांगायचे, ‘बघ, दिल्लीत आपल्या वळणाचं नाव,’ आणि आई दर वेळी ‘अच्छा!’ म्हणायची, जशी काही पहिल्यांदाच ऐकतेय. डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या. पहिल्याच वेळी त्यांनी सांगून टाकलं होतं, ‘अंकल को इन महीनों में दिल्ली से बाहर ले जाइए.’ नागपूरला माझी ताई आहे. ती फोनवर रोज तेच म्हणायची, ‘त्यांना इकडे पाठव गं.’ बाबा ऐकायचे नाहीत. ‘तरुणपणी आलो तेव्हा दिल्लीने नोकरी दिली, घर दिलं. आता हवा बिघडली म्हणून पळू का?’ असा त्यांचा सवाल. आणि शेवटी, ‘मी ठीक आहे. बिल्कुल ठीक.’

ते ठीक आहेत की नाहीत हे मला कसं कळणार? घरात मशीनची घुरघुर, गाडीत इंजिनाचा आवाज. मी पुढे, ते मागे, आई त्यांच्या शेजारी सिलिंडर मांडीशी धरून. आरशात बघावं तर मास्कच्या वरचे फक्त डोळे दिसायचे, आणि डोळ्यांनी तर ते कायम हसतच असतात.

पहिल्या फेरीत दिल्लीच्या हद्दीवर, अप्सरा बॉर्डरच्या लाल दिव्याला गाडी थांबली. इंजिन बंद झालं. आणि त्या शांततेत मागून मला बाबांचा श्वास ऐकू आला. आत जाताना बारीक शिट्टी, क्षणभर थांबणं, मग बाहेर. जुन्या दाराच्या फटीतून वारा येतो तसा. मी स्टिअरिंग घट्ट धरून ऐकत राहिले. वाईट नव्हता. लांब होता, एकसारखा होता. दिवा हिरवा झाला, इंजिन सुरू झालं आणि श्वास त्याच्या आवाजाखाली बुडाला. पुढचा लाल दिवा येईपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी लाल दिव्यांची लोभी झाले. आमच्याकडून दिल्लीला जायला वरून एक सलग रस्ता आहे, मध्ये एकही दिवा नाही, सगळे त्यानेच जातात. मी मात्र पहिल्या फेरीचा, शाहदऱ्याच्या बाजूचा दिव्यांचा रस्ताच धरून ठेवला. तिथेही फ्लायओव्हर आले की बाकीच्या गाड्या वर चढायच्या, मी डावीकडून खाली उतरायचे, कारण दिवे खाली असतात. पुढचा दिवा हिरवा दिसला की पाय आपोआप सैल पडायचा, पोचेपर्यंत लाल व्हावा म्हणून. मागचे हॉर्न वाजवायचे. मी मनात म्हणायचे, वाजवा. लाल झाला, गाडी थांबली, इंजिन बंद झालं की आधी माझाच श्वास अडकायचा आणि मग मागून ती शिट्टी यायची, लांब, एकसारखी. आहे. ठीक आहे. मग मी दिव्याच्या उलट्या पळणाऱ्या आकड्यांकडे बघत बसायचे. एरवी सगळी दिल्ली ते आकडे संपायची वाट बघते. मला ते संपू नयेत असं वाटायचं.

बाबांच्या हे लक्षात न येऊन कसं चालेल? दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला म्हणाले, ‘वरून जायचं सोडून खालून कशाला? थांबत थांबत गेलं की गाडी जास्त पिते.’

‘थांबली की बंद होते ना बाबा,’ मी म्हटलं. ‘तुमचीच अक्कल आहे तिच्यात.’

आरशात त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर जरा जास्त वेळ थांबले. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि त्यानंतर रस्त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, उत्तर पटलं.

अशा किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. आठवतं ते एवढंच, की त्या सगळ्या दिवसांत सूर्य नाण्याएवढा आणि पांढरा होता, त्याच्याकडे सरळ बघता यायचं. चौकाचौकात पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या फिरायच्या, रस्त्यावर चिखल व्हायचा, हवेत काही फरक पडायचा नाही. आई गाडीत तीळगूळ की काय ते डबीत घेऊन बसायची, बाबांनी ते कधी खाल्लं नाही. आणि प्रत्येक लाल दिव्याला मी ऐकलेला श्वास मागच्या दिव्याच्या श्वासाशी लावून पाहायचे. तो कधीच बिघडला नाही. ताईला फोनवर सांगायचे, ‘अगं, खरंच ठीक आहेत. मी ऐकते ना.’ ताई म्हणायची, ‘मग डॉक्टर असं का म्हणतात?’ मी म्हणायचे, ‘डॉक्टर सगळ्यांना तसंच सांगतात.’

मग तो दिवस आला. त्या दिवशी पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते, गाडी दिसत नव्हती. बाबा सकाळपासून गप्प होते. नाकात नळी होती, तिच्यावर मास्क, बटण आईने स्वतः दोनवर ठेवून वर हात धरला होता. बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून मी सगळ्या काचा बंद केल्या आणि एसी पूर्ण वाढवून आतल्या आत फिरवत ठेवला.

अप्सरा बॉर्डरला दिवा लाल होता. गाडी थांबली. इंजिन चालूच राहिलं.

एसी फुल असला की बंद होणार नाही, हे त्या सेल्समनने सांगितलं होतं. मला ते तेव्हा आठवलं. एसी कमी करावा तर गाडीत धूर, न करावा तर बाबा ऐकू येत नाहीत. मी एसी तसाच ठेवला. शाहदऱ्याला पुन्हा लाल, पुन्हा इंजिन चालू. मी विचारलं, ‘बाबा, ठीक?’ त्यांनी मान हलवली असावी, आरशात मास्क हलला. त्यांना बोलायला लावायचं म्हणजे त्यांचा दम खर्च करायचा, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक दिवा बहिरा गेला. माझे हात स्टिअरिंगवर घामाने घसरत होते आणि एसी मला गारठवत होता.

यमुनेच्या पुलावर सगळं थांबलं. पुढे कुठेतरी दोन गाड्या एकमेकींना लागल्या होत्या म्हणे. पुलावर दिवा नाही, चौक नाही. वर राखाडी, खाली राखाडी, नदी तर दिसतच नव्हती. आम्ही गाड्यांच्या रांगेत मध्येच अडकलेलो, आणि मला आता ऐकल्यावाचून राहवेना. मी हात पुढे केला आणि बटण दाबून गाडीच बंद करून टाकली. इंजिन, एसी, सगळं.

मागून जे ऐकू आलं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. त्याला श्वास म्हणता येत नव्हतं, श्वासाचे तुकडे होते. एक आत जायच्या आधीच दुसरा त्याच्यावर आदळत होता. मध्येच घशातून घरघर, मध्येच काहीच नाही, मग पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी हवेची एक झडप. दर दिव्याला ऐकलेल्या त्या लांब, एकसारख्या शिट्टीचा त्यात मागमूस नव्हता.

बाबांना कळलं की गाडी बंद आहे. आरशात मी त्यांचे खांदे पाहिले. वर उचललेले खांदे त्यांनी जोर लावून खाली आणले. मान ताठ केली. डोळे मिटले, काहीतरी आत गोळा केल्यासारखं केलं, आणि मग आला तो माझ्या ओळखीचा श्वास. लांब, एकसारखा, बारीक शिट्टीचा. अप्सरा बॉर्डरचा, शाहदऱ्याचा, सगळ्या फेऱ्यांमधला.

मी पट्टा काढून पूर्ण मागे वळले. आईचा हात त्यांच्या पाठीवर होता. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्यांना म्हणाली, ‘आता राहू द्या हो. कळलं तिला.’

बाबांनी अजून एक तसा श्वास घेतला. नंतर त्यांना तो जमला नाही.

‘दर लाल दिव्याला हेच,’ आई म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि डोळे भरलेले. ‘हिरवा असला की धापा टाकायच्या आणि लाल झाला की शहाण्यासारखं बसायचं. लांबून लाल दिसला की आधीच दम गोळा करायला लागतात. मी बोलायला गेले की हात दाबतात माझा.’

म्हणजे मी इतके दिवस जे ऐकत होते ते बाबांनी माझ्यासाठी वाचवून ठेवलेलं होतं. हिरव्यात काटकसर करायची आणि लाल दिव्यात माझ्या कानांवर खर्च करायचं. मी ज्याला ठीक समजत होते ते त्यांच्या सगळ्या फेरीतले दोन-चार चांगले श्वास होते, आणि बाकीचे इंजिनाखाली गेले होते. मला त्यांचा इतका राग आला, इतका राग आला, की मला रडूच यायला लागलं.

‘का पण, बाबा?’

त्यांनी मास्क खाली ओढला. ओठ निळसर होते. ‘तू… गाडी… नीट चालवावी,’ ते म्हणाले. ‘घाबरली असतीस… तर…’ पुढचं त्यांनी हाताने सांगितलं. मग बंद इंजिनाकडे बोट करून म्हणाले, ‘सुरू कर. पोरी, एसी… गेला.’

दवाखान्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला धड आठवत नाही. फ्लायओव्हर दिसला की चढले, दिवे असलेला रस्ता टाळला. त्यांना लगेच आत घेतलं, मोठी नळी लावली, तासाभराने ओठांचा रंग परत आला. डॉक्टर बाईंनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, दिल्लीबाहेर न्या. या वेळी बाबांनी दिल्लीने दिलेल्या नोकरीचा विषय काढला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘नागपूरचं तिकीट काढ.’ चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा गरीब होतो, तसे ते त्या दिवशी झाले होते.

आई त्यांच्याबरोबर गेली. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, जवळ मोठं झाड आहे. नागपूरची हवा काही हिमालयाची नाही, पण समोरची इमारत सगळ्या मजल्यांसकट दिसते, असं आई सांगते. उन्हाळ्यात ते बरे होते. पावसाळ्यात अजून बरे. आता दिवाळी उलटली, इथे टॉवर निम्मा झाला, आणि मी गाझियाबादच्या घरात एकटी चहा पिते. गाडी भरपूर ॲव्हरेज देते. बाबा विचारतात तेव्हा मी आकडा थोडा वाढवूनच सांगते, आणि ते मनात म्हणत असणार, खोटं बोलते.

फोनचं मात्र मी शिकले आहे. सुरुवातीला आम्ही सकाळची वेळ ठरवली होती. मग माझ्या लक्षात आलं की वेळ ठरवणं म्हणजे त्यांना लांबूनच लाल दिवा दाखवणं. आता मी कधीही फोन करते. ऑफिसातून, बाजारातून, बहुतेक वेळा गाडीतून. बोलणं काय, ते तर छानच बोलतात. मी ऐकते ते ‘हॅलो’च्या आधीचं, फोन उचलल्यापासून पहिला शब्द येईपर्यंतचं. तेवढी एक फट आहे जी त्यांना अजून बुजवता आलेली नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आज ऑफिसला जाताना यमुनेच्या अलीकडे लाल दिवा मिळाला. इंजिन बंद झालं. गाडीच्या स्पीकरवरून मी नागपूरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन त्यांच्या उशाशीच असतो, आणि पूर्वी ते लगेच उचलायचे. हल्ली रिंग जाते, आणि जातच राहते. समोर दिव्याचे आकडे उलटे पळत होते.

‘हॅलो! हां बोल बेटा,’ फट नाहीच, फोन उचलल्याबरोबर बाबांचा आवाज. ‘अगं खाली फिरायला गेलो होतो, लिफ्ट बंद आहे म्हणून जिन्यानेच वर आलो आत्ता, म्हणून वेळ लागला. लाल आहे ना? बंद झाली का गाडी?’

सगळं एका दमात. एवढा जिना मला चढायला लावला तर मीसुद्धा असं बोलू शकणार नाही. रिंग वाजत होती तेवढ्यात दम गोळा केलेला.

‘झाली बाबा,’ मी म्हटलं आणि गप्प बसले.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, एक, मग सगळेच. ते नागपूरपर्यंत ऐकू गेले असणार.

‘हिरवा झाला वाटतं. निघ,’ बाबा म्हणाले. ‘उभं राहून पेट्रोल जातं.’

‘बंद आहे. जात नाही.’

मग तेही बोलेनात. त्यांच्यापाशी साठवलेलं असं कितीसं असणार होतं! शेजारून पुढे जाणाऱ्या माणसाने काच खाली करून मला शिवी दिली. मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. आणि मग स्पीकरमधून तो आला, पुलावरचा श्वास.